मास्तरांना विचारा : नोटेवरचा बिगुलवाला

गेल्या अंकात बँडवाल्यांच्या पैशांबद्दल लिहिताना मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं : डेन्मार्कात एका बँडच्या पोराचा चेहरा शंभराच्या नोटेवर छापला होता. टाकलं आणि अडकलो. एरवी महिन्याला चार-पाच पत्रं येतात, त्यातली निम्मी क्लॅरिनेटच्या पत्तीबद्दलची. या खेपेला चपलांचं खोकं भरलं. सगळ्यांना तो नोटेवरचा माणूस पाहिजे. तेव्हा हा महिना त्याचा. पत्तीवाल्यांनी जरा दम धरावा.

प्रश्न : मास्तर, नमस्कार. माझा मुलगा अठरा वर्षांचा आहे. दोन हंगाम झाले, लग्नाच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवतो. हात चांगला आहे म्हणतात. पण पाव्हण्यांत 'बँडवाला' म्हटलं की लोक विषय बदलतात. आमच्या ह्यांचं म्हणणं, ओळखीच्या दुकानात चिकटवून देऊ. तुम्ही लिहिलेला माणूस खराच बँडवाला होता, की आमच्यासारख्यांना बरं वाटावं म्हणून लिहिलंत? — एक आई, फुलेवाडी

उत्तर : ताई, खरा बँडवाला होता. पुरावा माझ्या क्लॅरिनेटच्या पेटीत आहे. माझा एक जुना विद्यार्थी पवनचक्क्यांच्या कामाला डेन्मार्कात होता. एका दिवाळीत घरी आला तेव्हा चॉकलेटच्या डब्याबरोबर त्यानं ती नोट हातावर ठेवली आणि म्हणाला, "मास्तर, इथं वरातीत आपल्यावर नोटा ओवाळतात. तिकडं आपल्यालाच नोटेवर छापलंय." शंभर क्रोनची नोट, वर चेहरा कार्ल नील्सनचा. बँडच्या पोरातून पुढं डेन्मार्कचा मोठा संगीतकार झाला तो. २०१० साली तिकडं नव्या नोटा आल्या आणि माणसांच्या जागी पूल आले. पूल काय, पंचगंगेवर पण आहे.

तर हा कार्ल ९ जून १८६५ ला जन्मला. फ्यून नावाच्या बेटावर ओडेन्स शहर आहे, त्याच्या दक्षिणेला नॉरे लुंडेल्से हे गाव, तिथला. बारा भावंडांत सातवा. वडील घरं रंगवायचे आणि लग्नात, नाचाच्या रात्री व्हायोलिन नि कॉर्नेट वाजवायचे. गावात त्यांना 'नील्स पेंटर' म्हणत. हे कोल्हापुरात फोड करून सांगायला नको. बाबूराव मेस्त्रींना आपण बाबूराव पेंटर करून टाकलं, आता मेस्त्री कुणाला आठवतंय?

घरामागं जळणाची लाकडं रचलेली असायची. जाड-बारीक, लांब-आखूड. पोरगं त्यांवर ठोकत बसायचं आणि कुठल्या ओंडक्यातून कुठला सूर निघतो ते हुडकायचं. गोवर आला, अंथरुणात पडून होता, तेव्हा छोट्या व्हायोलिनवर हात चालवून बघितला. मग हळूहळू वडिलांबरोबर नाचाला वाजवायला जाऊ लागला. आपल्याकडं बापाच्या मागं ताशाला जाणारी पोरं असतात, तसंच.

आता तुमच्या ह्यांच्या मुद्द्याकडं येतो. नील्सनच्या आईवडिलांनाही वाटत होतं की वाजवण्यात काही राम नाही. चौदाव्या वर्षी त्याला शेजारच्या गावात दुकानात चिकटवलं. उन्हाळा अर्धा सरला नाही तोवर त्या दुकानदाराचं दिवाळं निघालं. पोरगं गाठोडं घेऊन घरी. ह्यांना हे वाचून दाखवा, पण जेवण झाल्यावर.

मग पितळी वाद्यं शिकून १ नोव्हेंबर १८७९ रोजी तो ओडेन्सला सोळाव्या पलटणीच्या बँडमध्ये लागला. बिगुल आणि आल्टो ट्रॉम्बोन. पगार किती? दर पाच दिवसांनी ३ क्रोन ४५ ओर आणि एक पाव. अडीच वर्षं एवढंच. मग थोडी वाढ मिळाली, तेव्हा त्यानं आधी साधे कपडे घेतले, कारण खेड्यातल्या नाचाला वाजवायला जायचं तर अंगावर पलटणीचा गणवेश चालत नव्हता. ताई, त्याच्या आयुष्यातले मानसन्मान मी वाचले आणि विसरलो. हा कपड्यांचा तपशील मात्र विसरत नाही. मी मंगळवार पेठेतल्या बँडमध्ये लागलो तेव्हा मला मिळालेला लाल कोट एका थोराड माणसाच्या मापाचा होता. बाह्या दुमडल्या तर जर दिसायची नाही, न दुमडल्या तर बोटं दिसायची नाहीत. पहिल्या सुपारीचे पैसे हातात पडले तसा शिंप्याकडं गेलो.

पुढचं थोडक्यात. पलटणीत असतानाच त्यानं लिहायला सुरुवात केली. १८८३ मध्ये स्वतः लिहिलेला एक तुकडा घेऊन कोपनहेगनला गेला आणि नील्स गाडे या तिथल्या थोर संगीतकाराला दाखवला. गाडेंना त्यात रचनेची जाण दिसली. १८८४ पासून १८८६ पर्यंत कोपनहेगनच्या संगीतशाळेत शिकला. ओडेन्समधल्या चार भल्या माणसांनी खर्चाला हात दिला. १८८९ मध्ये राजेशाही नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात दुसऱ्या व्हायोलिनच्या रांगेत नोकरी लागली. त्या रांगेत तो १९०५ पर्यंत होता. सोळा वर्षं! दुसऱ्या रांगेत!

आता तुमच्या मुलाचं. बँड सोडायला लावू नका. पण नुसतं कानावर वाजवण्यावर भागवूही देऊ नका. नील्सन बँडमध्ये होता म्हणून मोठा झाला नाही, बँडमध्ये असताना कागद हातात धरला म्हणून झाला. आपल्या पोरांचा कान तिखट आहे, मोबाईलवर एकदा गाणं ऐकलं की संध्याकाळी वरातीत हजर. पण पाच रेघांवर लिहिलेलं वाचता येत नाही, म्हणून पोलीस बँड किंवा लष्करी बँडच्या परीक्षेत अडकतात. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे. पचमढीला लष्कराची संगीताची शाळा आहे. शिवाजी विद्यापीठात संगीताचा विभाग आहे. वाटा आहेत, पण दारात वाचून दाखवावं लागतं. रविवारी सकाळी त्याला माझ्याकडं पाठवा. फी नंतर बघू. कॉर्नेटच्या वॉल्व्हला तेल घालून आणायला सांगा, मागच्या पोरानं आणलेला कॉर्नेट चहाच्या किटलीसारखा चिकट होता.

प्रश्न : मास्तर, मोठ्या वाद्यवृंदासमोर काठी हलवणारा माणूस नेमकं काय करतो? वादकांच्या समोर कागद असतातच. तो नसला तर काय बिघडेल? — महाविद्यालयीन विद्यार्थी, कागल

उत्तर : बाळा, वरातीत मी उलटा चालत शिट्टी फुंकतो, तेव्हा पण लोकांना वाटतं की हा माणूस उगाच पुढं आहे. एकदा ताप होता म्हणून मी गेलो नाही. नवरदेव देवळापाशी पोचला तेव्हा क्लॅरिनेटवाले अंतऱ्यात, युफोनियमवाले मुखड्यात आणि ढोलवाला भलत्याच गाण्यात होता. लय कुठं धरायची, कुणी कधी उचलायचं, कुणी दबून वाजवायचं म्हणजे दुसरा ऐकू येईल, हे समोरून दिसलं पाहिजे. काठीचं काम तेवढंच, आणि ते फार मोठं आहे.

नील्सन हे शिकला तो मागं बसून. योहान स्वेन्सन हा नॉर्वेचा माणूस त्या राजेशाही नाट्यगृहात काठी घेऊन उभा असायचा. १४ मार्च १८९४ ला नील्सनची पहिली सिंफनी, म्हणजे सगळ्या वाद्यवृंदासाठी लिहिलेली लांब रचना, वाजली, तीही स्वेन्सनच्याच काठीखाली. आणि रचनाकार कुठं होता? दुसऱ्या व्हायोलिनच्या रांगेत, स्वतःचीच सिंफनी वाजवत. टाळ्या झाल्या तेव्हा आपल्या खुर्चीवरून उठला आणि वाकला. हे मी देवल क्लबात एका मैफलीनंतर एका मोठ्या तबलजींना सांगितलं, तर ते नुसतेच हसले. तबलजींना मागं बसण्याचं दुःख वेगळं सांगावं लागत नाही.

१९०८ ते १९१४ तो त्याच नाट्यगृहात निर्देशक, म्हणजे काठीवाला होता, मग राजीनामा दिला. पुढं १९१५ पासून १९२७ पर्यंत कोपनहेगनच्या 'म्युझिकफोरेनिंगेन' या संगीत मंडळीचे कार्यक्रम त्यानं चालवले. काठीचा जादूगार म्हणून त्याचं नाव कुणी घेत नाही, आणि मला वाटतं त्यालाही ती हौस नसावी. पण त्याचं लिखाण वाजवताना एक गोष्ट जाणवते. मागच्या रांगेतल्या माणसालाही त्यानं काहीतरी चघळायला दिलेलं असतं. नुसती 'भूं-भूं' करत बसवलेलं नसतं. ते सोळा वर्षांच्या खुर्चीतून आलंय.

प्रश्न : पाश्चात्त्य संगीतात सगळंच लिहिलेलं असतं, वादकाला स्वतःचं काही नसतं. मग त्यात जीव कुठून येणार? आमच्याकडं हलगीवाला डोळ्यांनी कुस्ती बघतो आणि हातानं बोलतो. — आखाड्याचा जुना हलगीवाला, शिवाजी पेठ

उत्तर : आण्णा, तुमच्या हलगीवर मी वाढलोय. खासबागेत दोन पैलवान एकमेकांच्या मानेवर हात ठेवून नुसते फिरत असतात तोवर हलगी मुंगीच्या पावलांनी चालते. कुणी पट काढायला खाली गेला की ती अशी उसळते की वरच्या पायरीवरचा म्हातारा पण उठून उभा राहतो. तुमच्यासाठी नील्सनकडं दोन गोष्टी आहेत.

पहिली, पाचवी सिंफनी. २४ जानेवारी १९२२ ला पहिल्यांदा वाजली. तिच्या पहिल्या भागात मागं एक साइड ड्रम आहे. आपल्या बँडात गळ्यात अडकवतात तोच. वाद्यवृंद आपल्या संथ चालीनं, भरल्या आवाजात चाललेला असतो आणि हा ड्रम मध्येच स्वतःच्या वेगळ्या लयीत घुसतो. त्यांच्या लयीशी त्याचं काही घेणंदेणं नाही. पुढं तर नील्सननं कागदावर सूर लिहायचंच सोडून दिलंय. तिथं वादकाला सूचना आहे की मनाचं वाजव, असं वाजव की काही झालं तरी वाद्यवृंदाची चाल अडवायचीच आहे. म्हणजे आण्णा, युरोपच्या भारदस्त सभागृहात त्यानं तुम्हालाच बोलावून बसवलं आणि सांगितलं, हे सगळे मिळून चाललेत, यांना रोखून दाखव.

वाद्यवृंद थांबत नाही. ड्रम शेवटी दमतो, लांब जातो, आणि मग एक क्लॅरिनेट एकटाच बोलत राहतो. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा रंकाळ्याच्या कट्ट्यावर कानात इअरफोन घालून बसलो होतो. बाजूचा भेळवाला विचारायला लागला, काका, तब्येत बरी आहे ना? १९२४ मध्ये स्टॉकहोमला ती वाजली तेव्हा त्या गदारोळात बरेच श्रोते उठून गेले होते. आपल्याकडं उठून गेले नसते, नाचले असते.

दुसरी, चौथी सिंफनी. नाव 'अविनाशी' असं घ्या. जी विझवता येत नाही ती. पहिलं महायुद्ध चालू असताना, १९१४ ते १९१६ मध्ये लिहिली. डेन्मार्क लढाईत नव्हता, पण धूर दिसतच होता. चारही भाग न थांबता एकापाठोपाठ चालतात, आणि शेवटच्या भागात मोठ्या नगाऱ्यांच्या दोन जोड्या आहेत, टिंपनी म्हणतात त्या. एक जोडी या टोकाला, दुसरी त्या टोकाला. मध्ये सगळा वाद्यवृंद आणि वरून यांची झुंज. खासबागेत दोन्ही कोपऱ्यांतल्या हलग्या एकमेकींना भिडल्यावर जे होतं ते. नील्सनचं म्हणणं असं होतं की संगीत म्हणजे जीवनच, आणि जीवनासारखंच ते विझवता येत नाही. हे वाक्य ऐकायला जरा जड आहे. नगारे ऐका, मग जड वाटत नाही.

लिहिलेल्यात जीव नसतो हे मला पटत नाही, आण्णा. पण तुम्ही विचारलंत त्या जागेवर नील्सननंही बोट ठेवलं होतं, एवढं मान्य करा.

प्रश्न : त्याच्या बायकोबद्दल काही माहिती आहे का? की नेहमीप्रमाणे ती घर सांभाळत होती? — वाचक भगिनी, हुपरी

उत्तर : नाही, ताई. ती त्याच्या तोडीची होती, आणि घर सांभाळायला फारशी घरात नव्हती. आने मारी ब्रोडरसन, शिल्पकार. १८९० मध्ये नील्सनला परदेश फिरायला १८०० क्रोनची शिष्यवृत्ती मिळाली, त्या फिरतीत १८९१ च्या मार्चमध्ये पॅरिसला दोघं भेटली आणि १० मे १८९१ ला फ्लॉरेन्समध्ये लग्न करून मोकळी झाली. दोन महिने! आपल्याकडं तेवढ्यात नुसतं मानपानाचं ठरतं.

ती ग्रीक शिल्पं अभ्यासायला अथेन्सला गेली, तेव्हा तो मागोमाग गेला आणि तिथं बसून १९०३ मध्ये सूर्यावरची एक छोटी रचना लिहिली, 'हेलिओस'. एजियन समुद्रातून सूर्य वर येतो, माथ्यावर जातो, बुडतो. दहा-बारा मिनिटांत दिवस संपतो. बायकोच्या कामामागं जाऊन नवऱ्याला काही सुचल्याचं उदाहरण म्हणून हे मी नेहमी सांगतो.

पण सगळं गोड नव्हतं. ती राजाच्या घोडेस्वार पुतळ्यासाठी वर्षानुवर्षं गुंतलेली, कधी बाहेर. आणि तो संसाराशी इमानदार राहिला नाही. त्याची लग्नाबाहेरची मुलं होती. हे बाहेर आल्यावर दोघं कित्येक वर्षं वेगळी राहिली, १९२२ च्या सुमारास पुन्हा एकत्र आली. मी त्याच्या बाजूनं काही बोलणार नाही. मोठा वाजवणारा होता म्हणून घरातला हिशोब माफ होत नाही.

तो गेल्यावर त्याचं स्मारक करायचं काम तिच्याकडंच आलं. घोड्यावर बसून पावा फुंकणारा मुलगा. पैशावरून, जागेवरून वाद झाले, शेवटी तिनं स्वतःच्या पदरचे पैसे घातले. १९३९ च्या डिसेंबरात कोपनहेगनमध्ये ते उभं राहिलं. हुपरीत चांदीचं काम करणाऱ्या घरातल्या बायका रात्री किती उशिरापर्यंत बसतात ते मी बघितलंय, म्हणून तुम्हाला हे जरा लांबवून सांगितलं.

प्रश्न : नील्सनला डेन्मार्कचे अल्लादियाखाँ म्हणता येईल का? — एक रसिक, ताराबाई पार्क

उत्तर : नाही. खाँसाहेबांना खाँसाहेब राहू द्या आणि नील्सनला नील्सन. शाहू महाराजांच्या पदरी येऊन खाँसाहेबांनी गायकीचं घराणं उभं केलं. नील्सननं घराणं केलं नाही. तुलना करायचीच असेल तर वेगळी करा. सिंफनी लिहिणाऱ्या या माणसानं शाळेत, प्रार्थनेत, शेतावर म्हणायच्या शेकडो साध्या चाली बांधल्या. १९०७ ची 'येन्स वायमान' ही त्यातली. रस्त्यासाठी जन्मभर खडी फोडणारा येन्स, आणि मेल्यावर त्याच्या थडग्यावर दगड नाही, नुसती एक फळी. ती चाल सगळ्या देशाच्या तोंडी बसली. सिंफनी नावाला ठाऊक नसलेली माणसं ती म्हणत होती.

प्रश्न : मीही क्लॅरिनेट वाजवतो. त्याचं क्लॅरिनेटसाठी काही आहे का? आणि सुरुवात कुठून करावी? — बँड कलाकार, गडहिंग्लज

उत्तर : आहे, आणि वाजवायला घेऊ नको. १९२२ मध्ये त्यानं कोपनहेगनच्या पाच फुंकवाद्यवाल्यांसाठी एक क्विंटेट लिहिलं. ती माणसं इतकी आवडली की पाचही जणांसाठी एकेक कॉन्चेर्टो, म्हणजे एक वाद्य पुढं आणि वाद्यवृंद साथीला अशी रचना, लिहायचं ठरवलं. दोनच झाले, बासरीचा १९२६ ला आणि क्लॅरिनेटचा १९२८ ला. क्लॅरिनेटचा ऑगे ओक्सेनवाड नावाच्या वादकासाठी होता. तो म्हणाला म्हणे, की नील्सनला क्लॅरिनेट येत असलीच पाहिजे, नाहीतर वाजवायला सगळ्यात वाईट सूर एवढे नेमके कसे सापडले असते? मी कागद मिळवून बसलो होतो. दुसऱ्या पानावर पत्ती चिरली. आणि हो, त्यातही साइड ड्रम आहे, क्लॅरिनेटच्या पाठीमागं लागलेला. बिगुलवाल्याच्या कानातून पलटण काही गेली नव्हती.

सुरुवात क्विंटेटनं कर. मग 'हेलिओस', मग दुसरी सिंफनी. ती तर एका गावच्या खानावळीत भिंतीवर चार स्वभावांच्या माणसांची विनोदी चित्रं बघून सुचली : रागीट, थंड, उदास, उतावळा. आपल्या बँडात चौघंही सापडतील, मी नावं घेत नाही. चौथी आणि पाचवी शेवटी.

त्याच्या शेवटाबद्दल तिघांनी विचारलंय, ते पण इथंच उरकतो. साठीला, १९२५ मध्ये, मशाली घेऊन मिरवणूक काढली त्याची. त्याच वर्षी हृदयानं दगा दिला. आणि त्या साठीच्या वेळीच वर्तमानपत्रात तो म्हणाला होता की पुन्हा जन्म मिळाला तर कलेचा विचार डोक्यातून काढून टाकीन आणि व्यापाऱ्याकडं कामाला लागेन. (फुलेवाडीच्या ताई, हा भाग ह्यांना वाचून दाखवू नका.) ३ ऑक्टोबर १९३१ च्या मध्यरात्रीनंतर कोपनहेगनच्या रुग्णालयात वारला. घरची माणसं भोवती उभी होती. त्यांना म्हणाला, कशाची तरी वाट बघत असल्यासारखे उभे आहात. अंत्यविधीत वाजलेलं सगळं त्याचंच होतं.

आणि एक, गडहिंग्लजकर. फोनच्या स्पीकरवर ऐकू नकोस. पाचवीतला ड्रम पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा वाटतो आणि मग मला पत्र येतं की मास्तर, यात काय एवढं.